जुन्या नोंदीही आणायच्या का?

तीर्थरूप काका यांना,

खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? काकूंचा फोन आला होता. गुडघा धरल्यामुळे तुम्ही शुक्रवारी आमच्याकडे यायचा बेत रद्द केलात असं त्या म्हणाल्या. गुडघा कुठला, हे मात्र त्यांना चटकन सांगता येईना. (आधी डावा म्हणाल्या, मग तुम्हाला विचारून उजवा.) तेव्हा गुडघ्याबद्दल मी जास्त विचारत नाही. आमच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात काय झालं ते सविस्तर लिहितो, म्हणजे बेताचा फेरविचार करताना दोन्ही बाजू तुमच्यासमोर राहतील.

आमची कंपनी ग्रंथालयांसाठी प्रोग्रॅम लिहिते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लिहिलेला सगळा कोड एका ऑनलाइन कोठारात राहतो. त्यात काहीही बदललं की सोबत एक ओळ लिहावी लागते: काय बदललं, का बदललं. इतर लोक 'दुरुस्ती' एवढंच लिहून मोकळे होतात. मी पडलो तुमच्या हाताखाली वाढलेला. तुम्ही ग्रंथपाल असताना रजिस्टरातली एक ओळ खोडायची तरी समासात खरं कारण लिहायचात, आणि मलाही तीच सवय लावलीत. त्यामुळे गेली अकरा वर्षं मी खरं कारण लिहीत आलोय. ते कधीच कुणी वाचलं नाही, म्हणून हात जरा मोकळाच सुटला. (यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. फक्त नोंदवून ठेवतो.)

दुसरीकडे आमच्या मॅनेजरबाईंचा फळा आहे. फळा म्हणजे तोही संगणकावरच. एकेका कामाची एकेक चिठ्ठी आणि खाली ज्याने करायचं त्याचं नाव. बाई माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण दिवसातून वीसदा येऊन "झालं का?" विचारतात. एकदा विसाव्या खेपेला मी म्हटलं, कोठार तुमच्या फळ्याला जोडूनच टाकतो, कोड साठवला की चिठ्ठी आपोआप पुढे सरकेल, तुम्हाला जागचं उठायला नको. बाई खूश. जोडण्यात दोन दिवस गेले. कोठार म्हणे फळ्याची परवानगी आणा, फळा म्हणे आधी कोठाराची आणा, आणि मध्ये मी, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघांचाही होकार आला आणि पडद्यावर एक साधा प्रश्न उमटला: जुन्या नोंदीही आणायच्या का? मी 'हो' दाबलं. अर्धवट काम मला खपत नाही. (हे वाक्य तुमच्या सुनेला वाचून दाखवू नये.)

काका, चार हजार सहाशे चिठ्ठ्या फळ्यावर आल्या. एक नोंद, एक चिठ्ठी. शिवाय नोंदीत ज्याचा उल्लेख, काम त्याच्या नावावर. नेमके त्याच वेळी साहेब बाहेरून आलेल्या ग्राहकांना मोठ्या पडद्यावर फळाच दाखवत होते. साहेबांच्या नावावर तीनशे बारा कामं चढली. पहिलंच: 'साहेबांच्या हट्टापायी बटण हिरवं केलं. ते विसरले की परत निळं.' साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खाली शेरा टाकला: 'विसरलो नाही.' बाईंच्या वाट्याला आलं: 'बाई रजेवर आहेत तोवर तारीख गुपचूप पुढे ढकलली.' ती चिठ्ठी बाईंनी सगळ्यांत वर टाचून ठेवलीय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसात कीबोर्डचाही आवाज नव्हता. सगळे वाचत बसले होते. ग्राहक तेवढे खूश झाले. इतका प्रामाणिक कारभार कुठे पाहिला नाही म्हणाले, आणि त्यांच्याबद्दलच्या नऊ चिठ्ठ्या छापून घेऊन गेले.

बाकी सगळं ठीक. नोकरी आजच्या तारखेला शाबूत आहे. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा एकुलता एक पुतण्या

ता.क. आमच्या फळ्याकडून तुम्हाला एखादा मेल आला असेल तर उघडू नये. पूर्वी तुम्ही प्रोग्रॅममधल्या चुका काढून द्यायचात, म्हणून तुमचंही नाव मी फळ्यावरच्या नावांच्या यादीत घातलं होतं, ते काढायचं राहून गेलं. तुमच्या नावावर सात कामं निघालीयत. त्यातलं 'काका महिनाभर घरी. ते जाईपर्यंत हे काम पुरवून पुरवून करणे' हे तुमच्याबद्दल नाही. आमच्या ऑफिसात आणखी एकाला काका आहेत.

ता.क. दुसरा. वरचा मजकूर वाचून तुमच्या सुनेने पेन माझ्या हातात परत दिलं आणि समोर बसून राहिली. बरं. सातही नोंदी माझ्याच. तुम्ही आलात की रोज संध्याकाळी विचारायचात, "आज काय नवं केलंस?" आणि मी दिवसभर खपून दोन ओळींमधलं अंतर जरासं कमी केलेलं असायचं. तुम्ही मला शिकवलंत, वाढवलंत, तुम्हाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लाज वाटायची, म्हणून तुमचं जेवण उरकेपर्यंत ऑफिसातच बसून राहायचो. तुमचा कंटाळा मला कधीच नव्हता हो काका. चुकलो. या तुम्ही. शुक्रवारपासून आठ दिवसांची रजा टाकलीय.

ता.क. तिसरा. रजा मंजूर झालेली नाही. अर्ज आता फळ्यावरच करावा लागतो, कारणासकट. 'काका येणार आहेत, त्यांच्याजवळ घरी राहायचं आहे' असं मी खरंखरं लिहिलं. पाच मिनिटांत साहेबांचा शेरा: 'काका आले की हे ऑफिसात जास्त बसतात, असं नोंदींवरून दिसतं. कारण पटत नाही. काकांचं लेखी पत्र जोडावं.' तेव्हा काका, येताय एवढं तरी स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवा.