शुक्रवारी वाचलेली पत्रं

मस्कत
शुक्रवार, दि. १६ जुलै १९८२

अनंतास लहानूचा जयभीम.

मी इथं ठीक आहे. तू ठीकच असशील.

अक्षर मोठं आहे आणि ओळी वरखाली गेल्या आहेत, सांभाळून घे. चौथी सोडल्यापासून एवढं लांब कधी लिहिलं नाही. माझी पत्रं पहिले बळीराम ड्रायव्हर लिहायचा, मग दोन महिने तू लिहिली. आजही बळीराम म्हणाला, "सांग, मी लिहितो." मी म्हटलं, नाही गा, हे माझं मलेच लिहू दे.

इकडं ऊन असं आहे की लोखंडाच्या सळया हातात धरवत नाहीत. बारा वाजता सेंट्रिंगचं काम बंद करतात. हापिसातला क्लार्क सुट्टीवरून आला, आता तुझ्या टेबलावर तो बसतो. तुझा काळा गॉगल माझ्या खाटेखाली सापडला. बळीराम दिवाळीत वर्ध्याले येणार आहे, त्याच्याजवळ देतो.

फोटो धुऊन आले. समुद्रावरचे सगळे पांढरे पडले. नखलच्या गरम झऱ्यावरचा मात्र चांगला आला, तो बळीरामनं काढला होता. माझे पाय पाण्यात आहेत, मागं खजुराची झाडं आहेत, आणि तू हसून राहिला. तुझ्या हातात माझ्या बहिणीचं, जयाचं पत्र आहे.

त्या पत्राबद्दलच लिहायचं आहे.

तू यायच्या आधी माझे शुक्रवार कसे जात, तुले माहीत नाही. कपडे धुवायचे, झोपायचं, उठून पुन्हा झोपायचं. तू आला आणि म्हणाला, "दादा, परदेशात येऊन भिंत पाहत बसतो काय गा? चल." मग आपण बंदरावर गेलो, किल्ला पाहिला, पिकअपच्या मागं बसून धूळ खात नखलले गेलो. तेव्हा मले पहिल्यांदा वाटलं की मी या देशात आलो आहे, नुसता आणून टाकलेला नाही.

गावाचं पत्र गुरुवारी आलं तरी मी फोडत नव्हतो. उशाखाली ठेवायचो. शुक्रवारी कुठं जाऊन बसलो की तुझ्या हातात द्यायचो. तू जयाचा आवाज काढायचा, आईचा काढायचा, "लहान्या, बनियन धुतं का रे?" म्हणायचा, आणि बळीराम लोटपोट व्हायचा. मले वाचता येते, पण दगड फोडल्यासारखं. तुझ्या तोंडून ऐकलं की आई समोर बसली आहे असं वाटे.

झऱ्यावर तू पत्र वाचता वाचता थांबला. बळीराम ओरडला, "काय गा कालेजवाले, गाडी काहून बंद पडली?" तू म्हणाला, "डोळ्यात घाम गेला." मग वाचलं की आई बरी आहे, पाणी उकळून पी म्हणते. मी म्हटलं, इथं तर उकळलेलंच जमिनीतून येते! आपण तिघंही हसलो. त्याच वेळी हा फोटो काढला.

२९ जूनले तार आली. मातीसुद्धा झाली होती.

तार साहेबानं वाचून सांगितली. मले खोटी वाटली. बरी असलेली बाई एका महिन्यात कशी मरेल? मी पेटीतून जयाची तिन्ही पत्रं काढली आणि बोट ठेवून वाचली. दोन दिवस लागले. पहिल्यातच लिहिलं आहे, आईच्या पोटात पाणी झालं, नागपूरले मेडिकलमध्ये भरती केलं, ती माझं नाव घेते. खाली लिहिलं आहे, "अनंतदादा, हे त्याले नीट सांगजो. एकदम सांगू नको." दुसऱ्या पत्रात, "दादा, लवकर ये." तिसऱ्यात तेवढंही नाही. फक्त, "येतो का नाही ते कळव."

एकदम सांगू नको म्हटलं होतं, अनंता. सांगूच नको असं म्हटलं नव्हतं.

काहून केलं असं? मी गेलो असतो तर तुझी खोली गेली असती, हापिसातलं कामही, कारण तू माझ्या शब्दावर आला होता. हेच ना? मी साहेबाच्या पाया पडून तुले ठेवून गेलो असतो रे. आईसाठी साहेब सोडते. मागच्या साली एका केरळच्या मिस्त्रीले दोन दिवसांत विमानात बसवलं. आणि ती काही परकी नव्हती, तुझी मावशी होती. नागपूरले प्रतापनगरच्या तुझ्या घरी संत्र्याची टोपली कोण आणून देत होतं?

हेही मी गिळलं असतं. पण जयाचं पत्र परवा आलं, चार ओळींचं. तू २० जूनले इथून गेला आणि दुसऱ्याच दिवशी मेडिकलमध्ये आईजवळ जाऊन बसला. तिनं विचारलं, लहानू काहून आला नाही? तू म्हणाला, "त्याले सुट्टी भेटली नाही, मावशी." ती आठवडाभर तेच घेऊन पडून होती. मग तू माझ्या जागी खांदा दिला. जया लिहिते, "पुढं पत्र टाकू नको. तुझ्याहून अनंतदादा बरा."

आता माझं एक लिहितो. ते लिहू का नको म्हणून दोन शुक्रवार गेले.

झऱ्यावर तू वाचत होता तेव्हा मी कागदाकडे पाहून राहिलो होतो. आईचं नाव मले ओळखता येते. कागदावर 'आई' चार-पाच ठिकाणी दिसलं. तू एकदाच वाचलं. मी विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारीही पिकअप भेटणार होता, मन एवढं खुश होतं, म्हटलं असंल काहीतरी. तू ओळी सोडल्या आणि मी सोडू दिल्या.

हे पत्र मी जयाच्या पत्त्यावर टाकतो. पाकिटावर नाव तुझं आहे, म्हणून ती फोडणार नाही, तुले बोलावेल. हे वाचशील तेव्हा तू नरखेडची एस.टी. पकडून तिच्या घरी आला असशील. मनात वाचून झालं असंल तर आता तिच्यापुढं बसून पहिल्यापासून मोठ्यानं वाच. तिले वाचता येते, तरी तूच वाच. आवाज काढू नको कोणाचा. माझी चूक लिहिली आहे तीही वाच, एकही ओळ सोडू नको. घाम आला तर पूस, आणि पुढं वाच.

त्यानंतर तिनं मले लिहायचं का नाही, ते तिच्यावर.

ज्यानं सुट्टी मागितलीच नव्हती, तो
लहानू