दुसऱ्याच ठोक्याला

लोंकिमाय डोंगरावरचा निवारा,
ऑगस्ट, ऐन हिवाळ्यातली दुपार

नीबाल्दोदादा,

तू पलीकडच्या खोलीत सहा पाहुण्यांना सोपाइपियाच्या पुऱ्या तळून घालतो आहेस आणि मी इकडे तुला पत्र लिहिते आहे. तोंडावर सांगायची छाती होत नाही.

काल उतारावरचा बर्फ कोसळेल का ते पाहायला खड्डा खणून मी बर्फाचा खांब कापला, त्यावर फावडं ठेवून नेहमीसारखं ठोकलं. आधी मनगटाने दहा ठोके, मग कोपरापासून दहा, मग खांद्यापासून. खांद्यापर्यंत खांब टिकला तरच उतार ओलांडायचा. काल तो दुसऱ्याच ठोक्याला मधून सटकला. आत साखरेसारखा भुसभुशीत थर होता. वहीत मात्र मी तेवीस ठोके लिहिले.

गेल्या आठवड्यात मी सगळ्या पाहुण्यांना उतारावरून परत फिरवलं आणि काहीच कोसळलं नाही. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "सोपाइपियावर साखर पेरली तरी आमची ओरिएता दचकते! भित्री कुठली!" ते हसणं मला पुन्हा नको होतं.

आज सकाळी ते तेवीस वाचून तू एकटाच वर गेलास. परत येईपर्यंत मी दारातून हलले नाही. आलास आणि पाठीवर थाप मारलीस, "पक्का आहे गं उतार! उद्या सहाही जणांना नेतो."

हे पत्र चुलीत जाईल. पण तेवीस खोडून मी दोन केले आहेत आणि वही तुझ्या बुटात खोचली आहे. उद्या सगळ्यांसमोर भित्री म्हण. म्हणायला तू असलास म्हणजे झालं.

तुझी,
ओरिएता