जुनं नाव काय होतं?

सर, आज पहिल्या वर्षाच्या पोरांच्या मशिनींवर अवजारं लावून दिली. अवजारं हा शब्द तुमचाच. कोड लिहायचा एडिटर, तो चालवून बघायचं साधन, आणि तिसरं म्हणजे लिहिलेलं सांभाळणारं. हे तिसरं आता जगभर वापरतात. प्रोग्राम बदलला की आधी तो कसा होता, कोणी बदलला आणि का बदलला, हे सगळं ते जपून ठेवतं आणि हवं तेव्हा मागच्या रूपात परत आणून देतं. कंपन्यांतले लोक त्याच्याविषयी फार गंभीर चेहरे करून बोलतात. तुम्ही असतात तर खुर्चीत मागे रेलून म्हणाला असतात, "आगं, हे तर आपलं ठेव हाय."

हे साधन लावलं की ते पहिल्यांदा नाव विचारतं. पुढे जे काही लिहाल त्याच्यावर तेच नाव कायमचं लागतं. पोरं भराभर टाइप करत होती. एक मुलगी मात्र उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, नाव कोणतं टाकू?" मी म्हटलं, तुझंच टाक की, शेजारणीचं कशाला? मागच्या बाकावरचे दोघे हसले. तीही हसली, पण जागेवर गेली नाही. तेव्हा मला कळलं की ती गमतीने विचारत नव्हती. मी म्हटलं, ज्या नावाने हाक मारलेली तुला आवडते ते टाक. ती गेली, तास संपला, पण माझं चित्त काही ठिकाणावर आलं नाही. घरी येऊन चहा केला, तो ओट्यावरच गार झाला, आणि आता तुम्हाला लिहायला बसले आहे.

परभणीतल्या त्या माडीवरच्या क्लासची जागा मी मध्यंतरी बघून आले. खालचं सायकलचं दुकान गेलं, तिथे मोबाइलवाला बसतो. जिना तसाच आहे, चढताना डोकं सांभाळावं लागतं तोच. तुमच्या वेळी वर दोन मशिनी होत्या, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, आणि आम्ही आठदहा जण चपला बाहेर काढून देवळात शिरल्यासारखे आत यायचो. तुम्ही वालूरच्या बागायतदार घरातले. हैदराबादला काही वर्षं नोकरी करून परत आलात तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगं आता शेतीत लक्ष घालील. पोराने येताना बैलगाडीत बसतील एवढे दोन खोके आणले. आम्हाला हे तुम्हीच सांगायचात आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचात. तुमचं बोलणं अर्धं वालूरचं, अर्धं हैदराबादचं. कुणी कीबोर्डावर जोरात बोटं आपटली की तुम्ही म्हणायचात, "आस्ते, आस्ते. बटन हाय ते, खुट्टा न्हाई ठोकायचा."

त्या वेळच्या मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉपीवर एका नावाने एकच फाईल राहायची. चांगल्या चालणाऱ्या प्रोग्रामवर कुणी अर्धवट बदल करून ठेवला की चांगला गेलाच. म्हणून तुम्ही स्वतः एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव ठेव. ते चालवलं की आपली फाईल पुढचा आकडा लावून दुसऱ्या फ्लॉपीवर कॉपी व्हायची आणि पडद्यावर तीन प्रश्न यायचे: कोण, काय, काहून. कोणी बदललं, काय बदललं, काहून म्हणजे का बदललं. उत्तर दिल्याशिवाय मशीन सोडायची नाही. आणि कोण म्हटल्यावर नुसतं नाव चालायचं नाही. "आडनाव लिव्ह. उद्या तुझ्या नावाच्या चार जणी येतील इथं." मला त्या पहिल्या प्रश्नाचीच धास्ती वाटायची, आणि त्याला कारण होतं.

आमचं ते आडनाव मूळचं नव्हतं. मी लहान असताना आमच्या माणसांनी विद्यापीठाला एक नाव द्यायची मागणी केली, ती नको असणाऱ्यांच्या रागात गावोगाव आमच्या वस्त्या जळाल्या, त्यात जिंतूरकडच्या आमच्या गावातलं आमचंही घर गेलं. बाबा आम्हाला घेऊन परभणीला आले, एका गॅरेजात मिस्त्री म्हणून लागले, आणि आडनाव पालटून टाकलं. जुन्या आडनावावरून गाव कळायचं आणि गावावरून बाकीचं. नव्या आडनावावर आम्हाला चांगल्या आळीत खोली मिळाली, नळ दारात होता, शेजार बोलका होता. बाबांनी मला एकच गोष्ट बजावली होती, "जुनं नाव तोंडातून काढायचं न्हाई, माय. खोली जाईल, खोलीसंगं तुझं शिकनंबी जाईल." आणि घरमालकांचा पुतण्या तुमच्याच क्लासात, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा.

बाबा तुम्हाला भेटायला आले होते तो दिवस आठवतो का? गॅरेजातून सुटून, हात रॉकेलने धुऊन ते वर आले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत तास चालू होता. तुम्ही एकेकाला दरडावून विचारत होता, "कापी केली का?" "केली सर." "तू केली का?" "न्हाई सर." "मंग उठलास काहून? आधी कापी कर, मंग घरी जा." बाहेर बाबांचा चेहरा उतरत गेला. परीक्षेतल्या कॉपीशिवाय दुसरी कॉपी त्यांना माहीत नव्हती, आणि आपल्या जिल्ह्यात ती कशी चालते ते त्यांना चांगलं माहीत होतं. तास सुटल्यावर ते तुमच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "सर, राग धरू नका. पोरगी नापास झाली तरी चालंल, पर कापी करून पास व्हायचं आसंल तर आमाला नको." तुम्हाला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, हे मी विसरणार नाही. त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलंत, फ्लॉपी हातात दिलीत, आणि समजावलंत की नवं नीट चालेपर्यंत जुनं मोडायचं नसतं, म्हणून ही कॉपी. बाबा म्हणाले, "मंग ते बरोबर हाय. नवा पार्ट बसंस्तोवर जुना आमीबी फेकीत न्हाई." मी त्यांच्याकडे बघत राहिले. घरी ज्यांनी जुनं पार गाडून टाकलं होतं तेच हे बोलत होते. रस्त्याने जाताना ते लय खुशीत होते. म्हणाले, "मास्तर मानूस हाय."

त्यानंतर तुम्ही आम्हाला नाव बदलायची आज्ञा शिकवलीत. रेन. फाईलचं नाव टाकायचं, पुढे नवं नाव टाकायचं, झालं. पुतण्या शेजारून म्हणाला, "म्हंजी नामांतर करायचं सर?" दोघेतिघे खिदळले. तो शब्द तेव्हा परभणीत मोठ्याने कुणी उगाच बोलत नसे. माझी नजर कीबोर्डावर. तुम्ही फळ्याकडे पाठ केलीत आणि शांतपणे म्हणालात, "हां, नामांतरच. हसन्यासारखं काय हाय त्यात? फरक एवढाच हाय की मशिनीत नाव पालटलं की जुनं कुनालाच आठवत न्हाई. मानसायचं तसं नसतंय." मग लगेच पुढचं सांगायला लागलात, की फाईलींना हिरोंची नि गावांची नावं देणं बंद करा. एकाने खरोखर वालूर नावाची फाईल केली होती, तुम्हाला खूश करायला.

माझ्याकडे एसटीच्या वेळांचा प्रोग्राम होता. गाव टाकलं की पुढची गाडी सांगणारा. तो चांगला चालत होता. मी त्यात देवगाव फाट्यावरून वळणाऱ्या गाड्या घालायला गेले आणि सगळं बिघडलं. ठेव चालवलं असतं तर जुना वाचला असता, पण ठेव आडनाव विचारतं. मी ते टाळलं, त्याच फाईलवर लिहीत गेले, आणि वर रेन करून तिला नवं नाव देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशीचं मला आजही समोर दिसतं. संक्रांत जवळ आलेली. विद्यापीठाच्या नावाचं आता होतंय, मग होतंय, असं सगळे म्हणताहेत. सकाळी आपल्या खिडकीखालून मोर्चा गेला आहे. त्यात माझ्या वयाच्या पोरी आहेत, त्या ते नाव मोकळ्या गळ्याने घेताहेत, आणि मी वर गजाला धरून उभी आहे. नंतर तास सुरू होतो. तुम्ही माझ्या मशीनवर बसता, वालूर टाकता, गाडी जिंतूरची येते. सेलू टाकता, जिंतूर. पुण्यालासुद्धा जिंतूरच. क्लास हसतो. तुम्ही मात्र चिडता, कारण काल तो चालत होता. "काल चालत व्हता तो कुठंय? ठेव केलं न्हाईस? नाव पालटलंस? बोल की. जुनं नाव काय व्हतं?"

आणि मी आमचं जुनं आडनाव सांगते.

पुतण्या स्टुलावरून माझ्याकडे वळतो. एक क्षणभर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता, आणि मग पडद्याकडे वळून ते आडनाव एकेक अक्षर करून टाइप करता, जणू फाईलच शोधताय. अशी फाईल नाही, असं मशीन सांगतं. "न्हाई बग. गेली," तुम्ही ओरडता. "किती डाव सांगितलं, फाईलीला मानसायची, गावांची नावं देऊ नका. एक वालूर करतो, एक हे करती. सिनेमा हाय का हा?" पोरं पुन्हा हसतात. पुतण्यासुद्धा हसतो आणि आपल्या पडद्याकडे वळतो. मी होय म्हणून मान हलवते. इतका रागावलेला आवाज मी तुमचा कधीच ऐकला नव्हता, आणि त्यात राग कणभरही नव्हता.

पुढच्या तासाला तुम्ही एक फ्लॉपी माझ्यापुढे ठेवलीत. तुम्ही सगळ्यांच्या फाईलींच्या प्रती स्वतःकडे ठेवायचात, त्यातून माझा चालणारा प्रोग्राम काढून दिला होतात. त्या फाईलचं नाव आमचं जुनं आडनाव. उद्या कुणी बघितलं तर तुमचं बोलणं खरं ठरावं म्हणून तुम्ही ते दिलं असणार. वरच्या ओळींत तीन उत्तरं होती. कोण: सर. काय: परत आणली. काहून: चांगली चालत होती, पुसायचं कारण नव्हतं. मी ते वाचलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते. तुम्ही फळ्यावर काहीतरी लिहीत बसलात, उगाच, बराच वेळ.

आमची खोली गेली नाही. कोर्स पुरा झाला, नोकरी लागली, आणि ज्या दोन खोक्यांना वालूरची माणसं हसायची त्यांच्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. एसटी स्टँडवर तो पुतण्याच भेटला होता, त्याने सांगितलं. तो तुमच्याविषयी बोलताना रडला, सर. मग चहा घेणार का म्हणाला, आणि आम्ही घेतला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. ते नाव माझ्या तोंडातून घाबरून निसटलं असं तुम्ही समजलात, आणि इतकी वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आले. ते निसटलं नव्हतं. तुम्ही फाईलचंच नाव विचारताय हे मला नीट कळत होतं, आणि फाईलचं खरं जुनं नाव मला तोंडपाठ होतं. सकाळच्या त्या पोरी बघून आले होते, आणि भरल्या क्लासात आमचं नाव एकदा मोठ्याने घ्यायचं होतं, मग खोली जावो नाही तर शिकणं जावो. तुम्ही झाकलंत तेव्हा मी सांगणारच होते, की सर, हे फाईलचं नाही, माझं आहे. पण ते आडनाव टाइप करताना तुमची बोटं कापत होती. माझ्यासाठी तुम्ही इतके घाबरला होता की मला ते बोलवेना, म्हणून मी मान हलवली.