कासवाचे हक्क आणि घरातल्या बाकीच्या वस्तू

एका संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो आणि विशेष असे काहीच घडत नव्हते. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, स्टुलावर बसून मधाची नवी बाटली दोन गुडघ्यांत धरून डाव्या हाताने उघडू पाहत होत्या. उजवा हात आजारपणात लुळा पडला होता. मी कपबशा विसळत होते. बाटली गुडघ्यांतल्या गुडघ्यांत गोल फिरत होती आणि झाकण जागचे हलत नव्हते. तेवढ्यात यजमान पाणी प्यायला आत आले, "दे इकडे, ताई" म्हणाले, झाकण उघडून दिले आणि निघून गेले. त्यांच्या मनात काही नव्हते. पण वन्संनी त्या दिवशी मध खाल्ला नाही. "अगं, बाटलीसारखी बाटली," एवढेच म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत, असे वकीलबाईंचे म्हणणे. पण पुढे जे वाटायचे आहे ते त्या संध्याकाळीच सुरू झाले, म्हणून ती आधी लिहिली.

तर मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली नकाशेकार, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीस न घालता, माझ्या मिळकतीची व्यवस्था लावत आहे. यजमान असताना आम्ही केलेले जुने मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डोके ठिकाणावर आहे असे त्यात म्हटले आहे. मी दमले आहे, पण त्याचा दाखला ते देत नाहीत. सगळ्यांची पूर्ण नावे आणि पत्ते सोबतच्या वेगळ्या पानावर टाइप केलेले आहेत. इथे मात्र मी ज्यांना जशी हाक मारते तशीच लिहिणार.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलाला मिळावे. मात्र वन्सं हयात असेपर्यंत त्या याच घरात, याच खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी राहतील. त्यांना विचारल्याशिवाय घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि "आत्याची सोय" या नावाखाली त्यांना कुठे हलवू नये. बाळा, तू तसे करणार नाहीस हे मला माहीत आहे. पण तू फार पटकन लोकांच्या सोयी लावतोस.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी मुलाला, निम्मी वन्संच्या औषधपाण्याला आणि दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंच्या पगाराला. पगार वेळेवर द्यावा आणि दर वर्षी वाढवावा. वन्सं स्वतः वाढवतील, पण त्या वेळी खोलीत कोणीतरी असावे, नाहीतर त्या दुप्पट करतील.

कलम ३. आता कासव. याच्यासाठीच खरे तर मी कागद-पेन घेऊन बसले.

कासव म्हणजे बाटली धरून ठेवणारी वस्तू. खाली जाड पाट, त्यावर दोन वाकडे जबडे, जबड्यांना आतून रबर. बाटली मध्ये उभी करायची आणि एकाच हाताने झाकण फिरवायचे. बाटली फिरू पाहते तसे जबडे आवळत जातात. हात सोडला की सुटतात. कल्पना मला शाळेतल्या दारावरून सुचली. वारा सुटला की आमच्या सिस्टर वर्गाच्या दाराखाली लाकडी पाचर सरकवत. दार जितके रेटावे तितकी ती घट्ट बसायची. नकाशा मी काढला, बिघाड वन्संनी काढले. पहिली सात-आठ कासवे त्यांनी नापास केली. "हे बाटली धरतं, पण सोडत नाही. तुझ्या नवऱ्यासारखं आहे," असा एका कासवावर शेरा मिळाला होता. यजमान बाजूलाच बसून हसत होते.

जे पास झाले ते वळणावरच्या लेथवाल्यांनी घडवले. लेथवाले आता नाहीत. कारखाना त्यांची मुलगी चालवते.

पेटंट माझ्या एकटीच्या नावावर आहे. वन्संचे नाव घालायचा मी हट्ट धरला होता. त्या म्हणाल्या, "या हाताने सही वाकडी येते, कागद खराब होईल." त्यांना नाव नको होते, वस्तू हवी होती. दुकानात मांडलेली, ज्याला हवी त्याने विकत घ्यावी अशी.

कलम ४. यात काही द्यायचे नाही, फक्त सांगायचे आहे. वकीलबाई हे कलम खोडायला सांगतील. मी खोडणार नाही.

कासव बाजारात नेण्यासाठी आम्ही एका एजन्सीकडे गेलो. या एजन्सीचे काम असे की शोध आपला, तो कंपन्यांना दाखवायचा त्यांनी, परवाना द्यायचा की विकायचा ते जुळवायचे त्यांनी, आणि येईल त्यात वाटा घ्यायचा. काचेची खोली होती, मऊ गालिचा होता, आणि टाय लावलेले एक हसतमुख गृहस्थ होते. लिफ्टमधून खाली येईपर्यंत वन्संनी त्यांचे नाव टायसाहेब ठेवले होते. माणूस वाईट नव्हता. चहा स्वतः आणून द्यायचा. कासव हे नाव मात्र त्यांना चालेना. त्यांनी 'इझी ट्विस्ट प्लस' असे ठेवले.

"प्लस कशाचं?" वन्संनी विचारले. "आम्ही तर एक हात वजा केलाय."

टायसाहेब हसले आणि वहीत काहीतरी लिहून घेतले. मला वाटले, समजले त्यांना.

पुढची कित्येक वर्षे पत्रे येत राहिली. अमक्या कंपनीने रस दाखवला, तमकीने नमुना मागवला, प्रदर्शनात चांगला प्रतिसाद होता. मग थोड्या दिवसांनी, कंपनीला तूर्त गरज वाटत नाही. शब्दसुद्धा तेच असत, तूर्त गरज वाटत नाही. मी नकाशा पुन्हा काढला. पाट हलका केला, रंग बदलले, जबडे गोल केले. दर नकारानंतर मला वाटायचे की चूक माझ्या रेघेत आहे. कंपन्यांना आमची फिल्म दाखवतात असे टायसाहेब सांगत. ती बघायला मागितली की म्हणत, "मॅडम, ते आमचं प्रेझेंटेशन मटेरियल आहे, बाहेर देत नाही."

करार संपत आला तेव्हा सगळे सामान परत करताना त्यांच्या ऑफिसने चुकून फिल्मही दिली. मुलगा सुट्टीवर आला होता. त्याने लॅपटॉपवर लावली. एक सुंदर तरुणी, पांढरेशुभ्र स्वयंपाकघर, मागे संगीत. तिने कासवात बाटली ठेवली. डाव्या हाताने बाटली धरली, उजव्या हाताने झाकण उघडले आणि गोड हसली.

वन्संनी मुलाला फिल्म मागे न्यायला सांगितली. पुन्हा पाहिली.

"दोन्ही हातांनी उघडतेय," वन्सं म्हणाल्या.

"हो, आत्या."

"मग हिला कासव कशाला हवंय?"

गरज वाटत नाही, असे त्या सगळ्या कंपन्या इतकी वर्षे म्हणत होत्या. बरोबरच म्हणत होत्या. जे त्यांना दाखवले त्याची कोणालाच गरज नव्हती.

मी टायसाहेबांना फोन केला. ते मुळीच गांगरले नाहीत. "मॅडम, एका हाताची बाई दाखवली की प्रॉडक्ट उदास वाटतं. कंपन्यांना प्रसन्न लागतं." फोन स्पीकरवर होता. वन्सं पलीकडून म्हणाल्या, "मी उदास दिसते का हो?" ते म्हणाले, "छे छे ताई, तुम्ही तर किती उत्साही!" त्यावर वन्संनी फोन बंद केला. डाव्या हाताने, एका बोटाने.

मला राग यायला हवा होता. नुसता थकवा आला. एवढ्या रेघा पुसल्या आणि पुन्हा काढल्या, त्यांत एकही चुकीची नव्हती.

कलम ५. करार संपायला थोडे दिवस उरले असताना एजन्सीने शेवटचा प्रस्ताव आणला आहे. एक मोठी भांडी कंपनी कासवाचे सगळे हक्क कायमचे विकत घ्यायला तयार आहे. रक्कम चांगली आहे. माझ्या माघारी सहीसाठी मुलाकडे येतील, त्याला एकदा फोन येऊनही गेला आहे, म्हणून हे इथे स्पष्ट लिहिते.

मी टायसाहेबांना एकच विचारले होते, "कधीपासून बनवणार?" ते म्हणाले, "तो कंपनीचा अंतर्गत निर्णय असेल." वकीलबाईंनी मसुदा दोनदा वाचला. घेण्याबद्दल सगळे आहे, बनवण्याबद्दल एक ओळ नाही. त्या कंपनीचे स्वतःचे एक झाकण उघडायचे यंत्र दुकानात आहे. ते दोन हातांनी चालते. त्याच्या वाटेत दुसरे काही येऊ नये म्हणून कासव घेऊन कपाटात ठेवायचे, असा त्याचा सरळ अर्थ.

मुलाशी माझे बोलणे झाले. तो म्हणाला, "आई, कपाटात तर ते आत्ताही आहे. निदान तुझ्या हातात काहीतरी पडेल. किती वर्षं घालवलीस!"

मी म्हटले, "आत्याला विचार."

तो आत गेला. वन्संनी त्याला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. बाहेर आला तो डोळे पुसतच आला. म्हणाला, "तुम्हाला दोघींना काय करायचं ते करा." नाराजीने म्हणाला नाही. पण पटले, असेही म्हणाला नाही. ते मी इथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणी आईने मुलाला फसवले असे म्हणू नये.

म्हणून, कासवाचे हक्क या कंपनीला, किंवा बनवण्याची लेखी हमी न देणाऱ्या दुसऱ्या कोणालाही, कोणत्याही रकमेला विकू नयेत.

कलम ६. कासव बनवण्याचा आणि विकण्याचा परवाना मी लेथवाल्यांच्या मुलीला आजच वेगळ्या कागदावर सही करून दिला आहे. तो माझ्या मृत्यूने रद्द होत नाही. तिच्याकडे साचा ओतायची सोय झाली आहे. जिथे हात लुळे पडलेल्यांना पुन्हा कामे शिकवतात त्या इस्पितळाच्या विभागातून तिच्याकडे मागणी आहे. फार मोठी नाही. ती म्हणाली, "काकू, मी काही लाखांनी विकणार नाही हं." मी म्हटले, "अगं, आम्हाला दुकानाच्या फळीवर एक बघायचंय." पेटंटची मालकी वन्संकडे जावी, त्यांच्यानंतर मुलाकडे. मुदत संपली की ते कोणीही बनवावे. त्या दिवसाचे मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

तिने जाहिरात करायचे ठरवले तर फोटो वन्संचा घ्यावा. त्या आधी नाही म्हणतील. साडी कोणती नेसू असे विचारले की तयार आहेत असे समजावे.

कलम ७. टायसाहेबांना मधाची एक बाटली द्यावी, दुकानातून आणलेली, न उघडलेली. उजवा हात पाठीमागे धरून ती त्यांनी उघडून बघावी. कुचेष्टेने देत नाही. चहा ते खरोखरच चांगला आणून देत.

कलम ८. राहिलेल्या वस्तू. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईची पेने लेथवाल्यांच्या मुलीला. यजमानांचे घड्याळ आणि चष्मा मुलाला. चष्मा कशाला, असे तो विचारेल, पण ठेवेल. सिस्टरांनी बक्षीस दिलेला शब्दकोश मदतनीस बाईंच्या लेकीला; मलपृष्ठ सुटत आले आहे, जपून. माझ्या सुती साड्या वन्संना. भारी साड्या सुनेला, तिला आवडतील त्याच, बाकीच्यांचे तिने पडदे शिवले तरी चालेल. नापास झालेली कासवे माळ्यावर खोक्यात आहेत. ती कोणालाच देत नाही. ती मोडीत घालावीत.

कलम ९. शेवटची सूचना मुलाला आणि सुनेला. तुम्ही दोघे आलात की आत्याला त्रास नको म्हणून बाजारातून आणलेल्या बाटल्यांची झाकणे तिच्या नकळत सैल करून ठेवता. तिला ते पहिल्या दिवसापासून कळते. ती बोलत नाही. जॅम, कॉफी, मध, काय आणाल ते जसे दुकानातून येईल तसे, घट्टच, तिच्यासमोर ठेवावे आणि दुसऱ्या खोलीत जावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही या कागदातून काही मिळणार नाही. त्यांना चहा दिला आहे.

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार १ : (सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते
साक्षीदार २ : (सही) खालच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपालबाई

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १७ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार