चुलीजवळची माती

कित्वे,
११ जून

प्रिय मुकुकाताई,

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. चिशाला दाजींना सांग, त्यांची गटार-इंजिनीअर अजून जिवंत आहे. कासुबाच्या दोन्ही गालांचे पापे घे. जून म्हणजे ऐन हिवाळा, इथे थंडी कडाक्याची आहे आणि वसतिगृहात गरम पाणी नाही, त्यामुळे आम्ही मुली अंघोळीच्या नुसत्या गप्पाच मारतो. तू पाठवलेले शेंगदाणे पोचले. खोलीतल्या पोरींनी माझ्यासाठी मूठभर ठेवले, हे त्यांचे उपकार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "तुझी व्याख्यानं तिकडेच दे," म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

शेवटच्या वर्षाचं काम जोरात चाललंय. आमचे डॉ. सिआमे सर कडक आहेत, पण माणूस चांगला. पर्यावरण अभियांत्रिकी म्हणजे झाडं लावणं, असं आईला अजून वाटतं. वाटू दे.

आता मी सांगते तसं कर. अंगण कोरडं झाडू नकोस, आधी पाणी शिंपड. घरातही केरसुणीऐवजी ओलं फडकं फिरव. कासुबाला जमिनीवर खेळू देऊ नकोस, चटई टाक. जेवायच्या आधी तिचे हात साबणाने धू, नखं काप. मक्याच्या न्शिमाबरोबर तिला सुके कापेंटा मासे दे, अख्खे, काट्यांसकट. माती खाताना दिसली तर मारू नकोस, तोंडातून काढून टाक. तू म्हणशील, पाच वर्षं शिकून हिला केर काढायचंच कळलं. हस, हरकत नाही.

कासुबा बोलते का गं? नाताळात ती मलाही आईसारखंच "मायो" म्हणत मागे मागे फिरत होती, कोंबड्यांना नावं देऊन हाका मारत होती. ईस्टरला आले तर नुसतं बोट दाखवत होती. चार वर्षांची पोर! सासूबाई म्हणाल्या, "हट्टी आहे, आईवर गेलीय." तू हसलीस. मग भांडी घासायला गेलीस ती बराच वेळ आत आलीच नाहीस.

ताई, मी मुद्दा टाळते आहे.

ईस्टरला मी शेवटच्या वर्षाच्या कामासाठी तुमच्या वसाहतीतली माती पिशव्यांत भरून आणली होती, आठवतं? तुमच्या अंगणातलीही होती. तपासणीचा निकाल आला तेव्हा सरांनी एका पिशवीवर बोट ठेवलं. म्हणाले, "ही जुन्या भट्टीमागच्या काळ्या ढिगावरची ना? मग तसं लिही की वर."

मी म्हटलं, "नाही सर. माझ्या बहिणीच्या चुलीजवळची आहे."

त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं.

त्यात शिसं आहे, ताई. शिसं गाळायची ती भट्टी आपल्या जन्माआधी बंद झाली, पण शिसं कुठे जात नाही. धुळीतून पोटात जातं, पोटातून लेकरांच्या डोक्यात. आणि दाजींनी घराला गिलावा केला तो त्याच ढिगावरच्या वाळूचा. सगळ्या वसाहतीनेच केलाय, त्यांचा काय दोष? पण कासुबा त्याच भिंतीला टेकून बसते, बोटाने ती उकरते.

तिला घेऊन शनिवारच्या बसने ये. इथे रक्त तपासू. तू पुन्हा पोटुशी आहेस हे मला आईकडून कळलं, तू सांगितलं नाहीस. शिसं आईकडून पोटातल्या बाळालाही जातं, म्हणून तर आणखीनच ये. मी स्टँडवर उभी असेन.

जिला तू पाठीला बांधून वाढवलंस ती,
न्सामा


कित्वे,
२३ जुलै

चिशाला दाजींना नमस्कार.

तुम्ही फोनवर म्हणालात, शनिवारपर्यंत बायको आणि मुलगी घरी आल्या नाहीत तर दुसरी आणीन. तुमचा राग मला कळतो. बाप कामावरून घरी येतो आणि घर रिकामं असतं, तेव्हा तो ओरडणारच. पण फोनवर ओरडण्यात खरं राहून जातं.

ताईला लिहिलेलं पत्र तुम्ही आधी वाचलंत. तिला शनिवारच्या बसला जाऊ दिलं नाहीत, म्हणून मीच आले. तुम्ही दारातच म्हणालात, "या, गटार-इंजिनीअर! आमच्या घराची बदनामी करायलाच शिकवलं का तुम्हाला?"

"दाजी, एकदा रक्त तपासू. काही निघालं नाही तर तुमच्या पाया पडेन."

"हे घर मी माझ्या हातांनी बांधलंय. त्या ढिगावर लहानपणी घसरगुंडी खेळलोय. मला काय झालंय?"

तेवढ्यात कासुबा चटईवर ताठ झाली, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. तुम्ही तिला उचलून छातीशी धरलंत. ती शांत झाल्यावर तुम्ही म्हणालात, "भुकेने झालं असेल. पहिल्यांदाच तर झालंय."

आणि ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "पहिल्यांदा नाही."

तिने ते झटके तुमच्यापासून लपवले होते, दाजी. सासूबाई म्हणतील हिनेच करणी केली, ही भीती होती तिला. सकाळी तुम्ही कामावर गेलात. तिने पोरीला पाठीला बांधलं आणि मला म्हणाली, "चल." मी तिला पळवलेलं नाही.

कासुबाच्या रक्तात शिसं एवढं निघालं की डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं. औषध सुरू आहे. ती ते ओकते, ताई पुन्हा पाजते. झटके थांबलेत. पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले, औषध देऊन तिला त्याच मातीत परत नेलं तर सगळं वाया.

यावर उपाय मला तोंडपाठ आहे. गिलावा उतरवायचा, वरची माती खरवडून काढायची, स्वच्छ माती टाकायची. परीक्षेत लिहिलं की पैकीच्या पैकी गुण. मी सरांना म्हटलं, एवढं एक अंगण तरी करू. ते म्हणाले, "वारा एका अंगणाचा नसतो, न्सामा." मग ते माझ्याबरोबर नगरपालिकेत आले. तिथल्या साहेबाने आम्हाला चहा पाजला आणि म्हणाला, लोकांना घाबरवू नका. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. काय करायला शिकले मी?

ताईचा निरोप तिच्याच शब्दांत सांगते: "सासूबाईंसाठी पीठ दळून ठेवलंय. मी येणार नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. दुसरी आणायची तर आणा. पण दाजी, तिलाही मूल होईल, आणि तेही त्याच अंगणात रांगेल.

आता जे ताईला सांगितलं नाही ते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. रक्तातलं शिसं उतरेल, पण डोक्यात जे बिघडलं ते तसंच राहील. कासुबाचे शब्द बहुतेक परत येणार नाहीत. ताई रोज तिच्यासमोर बसून "बोल, मायो बोल, टाटा बोल," करते, आईची आणि तुमची हाक तिच्या तोंडून काढू बघते आणि माझ्याकडे वळून विचारते, "येईल ना गं?" मी "येईल" म्हणते. माझ्याने रोज हे होत नाही. पोटातल्या बाळाचंही तिला सांगायचं आहे, त्याचे शब्द तरी वाचवायचे आहेत.

तुम्ही या. न्यायला नाही, राहायला या. ताईचा हात धरून बसा, तिला सांगताना तिच्याजवळ तुम्ही असलं पाहिजे. मी एकटीने सांगितलं तर ती मोडून पडेल, आणि तिला उचलायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

तुमच्यापुढे पदर पसरणारी तुमची मेव्हणी,
न्सामा