खोकला जाईपर्यंत

३ डिसेंबर

पोरीला आत घेतलं आणि मला बाहेर ठेवलं!

अडीच महिन्यांची ती. सकाळी दूध पिता पिता थांबली. पुन्हा तोंड लावलं, पुन्हा थांबली. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डे पडत होते. डॉक्टरांनी छाती ऐकली, नाकात काडी फिरवून तपासणीला पाठवली. तासाभरात कळलं — आरएसव्ही नावाचा विषाणू. मोठ्यांना नुसती सर्दी होते, पण एवढ्या तान्ह्यांना श्वास पुरत नाही. नेमकं औषध नाही. ऑक्सिजन, सलाईन आणि वाट पाहणं.

हे सगळं मी खोकत खोकत ऐकत होते. परवाच्या सभेपासून खोकते आहे. सिस्टरनं मान हलवली. "खोकणाऱ्यांना आत नाही. बाबांना पाठवा."

नवरा आत गेला. जाता जाता म्हणाला, "काय गरज होती सभेला जायची?"

युनियनची सभा, भाषण माझंच — आणि आता दारात नुसती खोकत राहिले. मी!

४ डिसेंबर

दारावरची मावशी आमच्याच युनियनची. तिच्या डोक्यावरचा बोर्ड माझाच!

तीन वर्षांपूर्वी या वॉर्डात साथ पसरली तेव्हा साहेबलोक म्हणाले, सफाईवाल्या बायकांनी पसरवली. मी समोरच्या अंगणात टेबलावर चढले. "हार घालून शिंकत येणाऱ्या पाहुण्यांना आधी अडवा! खोकणारा कुणीही असो, कितीही मोठा असो, या दारातून आत जाणार नाही!" टाळ्याच टाळ्या. आठवड्यात बोर्ड लागला.

आज त्याच बोर्डाखालच्या बाकावर बसले.

"बाई, बोर्ड तुमचा. आता मी काय करू?" मावशी म्हणाली. दोघी हसलो. मग मी रडले. ती रडली नाही, ड्युटीवर होती.

५ डिसेंबर

अंघोळीपुरती घरी आले. दोरीवर तिची लंगोटी, आणि शेजारी नवऱ्याचे सहा रुमाल. गेल्या आठवड्यात त्याचं नाक वाहत होतं — पुस्तकबांधणीतली धूळ, दरवर्षीचंच. घडी घालून ठेवले.

छाती दगड झाली आहे. दूध काढते, बाटलीवर तारीख घालून सिस्टरकडे देते. ते फ्रिजमध्ये जातं. तिला तोंडानं काही द्यायचं नाही.

घरी आम्ही तिला भोंगा म्हणतो. शेजारच्या इमारतीपर्यंत ऐकू जायची! भाषणाची तयारी तिला मांडीवर घेऊनच करायचे. मागणी क्रमांक तीन आली की हमखास झोपायची. एवढी कडक टीका माझ्यावर आजवर कुणी केली नाही.

दुपारी नवऱ्याचा फोन. "रडत नाहीये."

"मग बरं आहे?"

"नाही. रडायला दम नाही तिच्यात."

मग त्यानं फोन तिच्या कानाशी धरला. मागणी क्रमांक एक म्हणायला लागले. दोन वाक्यं झाली आणि खोकल्याची उबळ आली. हजारांपुढे कधी अडले नाही. आज एकीपुढे अडले.

६ डिसेंबर

आज सर्वांत वाईट. व्हेंटिलेटर लावावा लागेल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी उठली. माझ्याकडे न बघता बोलली, "पाणी पिऊन येते. पाच मिनिटं लागतील."

दार मोकळं! दाराच्या मुठीवर हात ठेवला. माझाच रोग तिला झालाय, मग आता माझ्यापासून तिला धोका कसला? एकदा पायाला हात लावायचा. तेवढाच पाय — माझ्या अंगठ्याएवढा असेल नसेल. इतका साधा हक्क मी जन्मात मागितला नव्हता.

काचेतून पाहिलं. तिच्या पलीकडे आणखी पाच खाटा. एक बाळ हृदयाच्या ऑपरेशननंतरचं. त्याची आई वाकून त्याला काहीतरी सांगत होती.

हात काढला.

मावशी परतली. "गेला नाहीत?"

"बोर्ड माझा आहे."

"मग रडताय कशाला?"

"त्याला बोर्डावर मनाई नाही."

७ डिसेंबर

व्हेंटिलेटर लावला नाही. एवढंच. एवढं पुष्कळ!

९ डिसेंबर

ऑक्सिजन कमी केला. नळीतून दूध सुरू — दहा मिली, माझं. मी नाही, पण माझं काहीतरी त्या दारातून आत गेलं.

नवरा काचेपाशी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. फोनवर म्हणाला, "त्या दिवशी बोललो ते..."

"खरंच बोललास. मीच आणलं हे दुखणं तिच्यासाठी."

"असं नको बोलूस."

बराच वेळ काचेला हात लावून उभे राहिलो. तो आतून, मी बाहेरून.

आत सोडायचं का ते ठरवायला सिस्टरनं माझ्याही नाकात काडी फिरवली.

१२ डिसेंबर

तीन दिवस खोकला नाही. डॉक्टरांनी बोलावलं. "तुमचा फ्लू होता. मुलीचा विषाणू वेगळा, तो तुमच्याकडून गेला नाही. त्या दिवसांत आत आला असतात, तर मात्र तिला दुसराही जडला असता. तिच्याआधी घरात कुणाचं नाक वाहत होतं?"

सहा रुमाल.

"आठवत नाही," म्हणाले.

नवरा बाहेर आला. भिंतीला धरून चालत होता. माझ्याजवळ एक वाक्य तयार होतं, त्यानंच पहिल्या दिवशी दिलेलं — काय गरज होती?

"घरी जा, झोप," म्हणाले. "आता मी आहे."