पुसून टाकलेली तपासणी

सर, तुमची ती तीन यंत्रं आज मी बाकावरून खाली उतरवली, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलेलं नाही. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मांडवीच्या या ऑफिसात त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. दवाखान्याच्या केसपेपरचा आपला प्रोग्राम जरा बदलला, की तीन यंत्रांवरच्या तीन सिस्टिमसमोर मी तुमची वही घेऊन बसायची. ओळ वाचायची, बटण दाबायचं, टिक करायची. तीन दिवस त्यातच जायचे. आता ते काम कंटेनर करतात, म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात उभ्या केलेल्या तात्पुरत्या खोल्या. विंडोजला वेगळा, लिनक्सला वेगळा, दर तपासणीला कोरी करकरीत खोली आणि काम झालं की खोलीच मोडायची. मॅक तेवढा त्यात बसत नाही, त्याचं खरं यंत्र ठेवलंय. चहा होईस्तोवर निकाल हातात येतो.

हेच मी तेव्हा करू बघत होते ना? बाविसाव्या वर्षी घरी खपून तपासणीचा प्रोग्राम लिहून आणला. तुम्ही चष्मा वर केलात. "अगो, यंत्रानंच यंत्राला पास करायचं, तर आपण काय माश्या मारायच्या?" म्हणालात आणि सगळ्यांदेखत तो पुसून टाकलात. चालवूनसुद्धा बघितला नाहीत. संध्याकाळी घरी आंब्याची पेटी पाठवलीत. आई खूश झाली, मी एक फोड तोंडात घातली नाही. तुमचं चुकलं होतं, सर. तुमच्याच खुर्चीत बसून सांगते, साफ चुकलं होतं.

त्या प्रोग्रामची सीडी माझ्याकडे होती. काल जुन्या लिनक्सचा कंटेनर उभा केला, त्यात आपला तेव्हाचा केसपेपर घातला आणि माझी तपासणी लावली. सगळं पास. एकटीच हसले. मग हल्लीच्या सवयीनं केसपेपर मुद्दाम मोडला, पेशंटचं नाव सेव्हच होऊ दिलं नाही. तरी पास. शेवटी केसपेपरच काढून टाकला आणि रिकाम्या खोलीवर तपासणी चालवली. तरी पास.

म्हणून काय तुम्ही बरोबर ठरत नाही. केसपेपर मोडून एकदा चालवून बघितला असतात, तर चूक तिथंच सापडली असती आणि दुसऱ्या दिवशी मी ती सुधारून आणली असती. पुसायला नकोच होता. पण सीडी इतकी वर्षं माझ्याच कपाटात होती. भीती वाटायची, सर. मीही ती कधी लावून बघितली नाही.